आसरा देणाऱ्याचे पुढे काय झाले

टोपणनावाने मी मारधाडीच्या कादंबऱ्या लिहितो, हे मी त्या काळी घरातही कुणाला कळू दिले नव्हते. खोटा आळ आलेला, पोलीस आणि गुंड दोघांनाही चुकवत पळणारा नायक, हे माझे ठरलेले सूत्र होते.

इंदापूरला जाताना आमची एसटी डाळजजवळच्या एका हॉटेलात चहाला थांबे. तिथला मालक गल्ल्यावर बसून असलीच पुस्तके वाचत असे. ओळ चुकू नये म्हणून तो तिच्याखाली आगपेटी सरकवीत जाई. एकदा त्याच्या हाती माझेच पुस्तक दिसले.

“पाव्हणं, हे वाचलंय का तुमी?” त्याने विचारले. “ह्यो फरारी गडी ज्याच्या गोठ्यात लपला, त्या म्हाताऱ्याचं फुडं काय झालं? गुंड तितं आलं म्हणून लिवलंय. पर म्हातारा परत कुठं गावतच न्हाय.”

“गोष्टच ती. एवढं काय मनावर घेता?”

“एकजण असाच हितं पळत आला हुता. मागं चौघं, कोयतं घिऊन. म्या दार लावून घेतलं.” आगपेटी थांबली होती. “लपवला असता तर माझं काय झालं असतं, ते हुडकतोय. कुठल्याच पुस्तकात न्हाय.”

कंडक्टर हाका मारू लागला. मी दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो.

“हे पुस्तक माझं आहे,” मी म्हणालो. “नायक निसटला आणि त्या म्हाताऱ्याला मी विसरूनच गेलो. माझं चुकलं. मला माफ करा.”