इर्मा लिबर्डची पुढची खोली

इंग्लंडमधल्या लीड्स शहराच्या चॅपलटाउन भागात कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरून आलेल्या प्रत्येकाच्या घरात एक पुढची खोली असे, आणि तिच्यात कुणी बसायचं नसे. इर्मा लिबर्डच्या खोलीत सोफ्यावर प्लास्टिकची आवरणं होती, रेडिओग्रामवर काचेचे मासे होते, आणि तिने स्वतः विणून साखरेच्या पाण्यात कडक केलेले जाळीचे रुमाल. तिथे फक्त पास्टर बसत. मुलांनी धूळ पुसून बाहेर यायचं.

इर्मा सुटांच्या कारखान्यात बारा वर्षं खिसे शिवत होती. कारखान्यात ती कुणाला उलटून बोलली नव्हती. बोलण्यासारखं खूप होतं.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात तिच्या आठ वर्षांच्या मुलीला, आयोनीला, मंदबुद्धी मुलांच्या शाळेत घातलं गेलं. कागद आला तेव्हा तिच्या आधीच्या शाळेतल्या बाई गोड हसून म्हणाल्या, "तिथे तिच्याकडे जास्त लक्ष देतील." इर्माने सही केली. बेटावर मास्तरांच्या शब्दावर शंका घेत नसत. मग रोज सकाळी दाराशी त्या शाळेची करड्या रंगाची गाडी यायला लागली. आयोनी तिथे दिवसभर मणी ओवायची आणि संध्याकाळी बापाला बायबल वाचून दाखवायची, न अडखळता. वर्ष गेलं. त्या शाळेत कुणी तिच्या हातात पुस्तक दिलं नाही.

हे हॅन्ली मास्तरांच्या लक्षात आलं. बेटावर ते हेडमास्तर होते; इथे बसमध्ये तिकिटं फाडत. एका रविवारी चर्चनंतर त्यांनी आयोनीला स्तोत्र वाचताना ऐकलं आणि इर्माला बाजूला घेतलं.

"मिस इर्मा, ही पोर मंद?"

"शिक्षण खात्याच्या साहेबांनी तपासली, मास्तर."

"साहेबांनी काय लिहिलंय ते आणा."

कागदावर लिहिलं होतं: नजरेला नजर देत नाही. साध्या चित्रांची नावं सांगत नाही. आकलन नाही.

त्या दुपारी स्वयंपाकघरात जॉनी केक, म्हणजे बेटावरच्या पिठाच्या जाड पुऱ्या, तळता तळता इर्माने विचारलं, "साहेबांनी चित्रं दाखवली तेव्हा तू बोलली का नाहीस?"

"तूच सांगितलं होतंस. मान खाली ठेव, मोठ्यांसमोर शहाणपणा करू नकोस."

"पण त्यांनी विचारलं ना?"

"छत्री दाखवून म्हणाले, हे काय? त्यांना माहीत होतं की ती छत्री आहे. मला वाटलं, चेष्टा करतायत. मग मी गप्प बसले."

तव्यातले केक करपले. बेटावर कोणी मोठं माणूस मुलाला स्वतःला ठाऊक असलेली गोष्ट विचारत नसे. विचारली तर शहाण्या मुलाने गप्प राहायचं. इर्मानेच हे शिकवलं होतं, तिच्या आईने तिला शिकवलं होतं तसं. आणि एका माणसाने वीस मिनिटांत त्या शिस्तीला मूर्खपणा ठरवून शिक्का मारला होता. आयोनी घरी काय करते, असं एकदाही विचारलं नव्हतं त्याने.

शनिवारी इर्माने सोफ्याची आवरणं कात्रीने फाडली आणि पुढच्या खोलीच्या भिंतीला मुलांना शिकवण्यासाठी एक फळा लावला.

"डोकं फिरलंय का तुझं?" नवरा विल्मॉट दारात थांबला. "पास्टर आले तर?"

"येऊ देत. फळ्याजवळ बसतील."

पहिल्या शनिवारी शिकायला चार मुलं आली, ईस्टरपर्यंत एकोणीस. त्यांतली चौघं त्याच करड्या गाडीने जाणारी. हॅन्ली मास्तर गणित आणि बेटाचा इतिहास शिकवत. इर्मा एकच गोष्ट शिकवायची. चमचा, कात्री, काचेचा मासा समोर धरायची आणि विचारायची, "हे काय?"

"मिस इर्मा, तुम्हाला माहितेय की," मुलं हसायची.

"मला माहितेय. त्यांना वाटतं तुला माहीत नाही. माझ्याकडे बघून सांग."

डोळ्यात डोळे घालून बोलताना मुलं आधी घाबरत. इर्मालाही ते बघवत नसे. आपल्याच हातांनी शिवलेली शिवण आपणच उसवतोय, असं तिला वाटे, आणि राग आणखी वाढे. बदलायचं आमच्याच मुलांनी. त्या टेबलापलीकडच्या माणसाने काहीच शिकायचं नाही.

इर्माने चार अर्ज केले, तेव्हा कुठे आयोनीची फेरतपासणी ठरली. इर्मा बाहेर बाकावर बसली. दार नीट लागत नव्हतं.

"हे काय?" साहेबांचा आवाज आला.

"छत्री. तुम्ही मागच्या वेळीही हीच दाखवली होती," आयोनी म्हणाली. "तेव्हाही मला माहीत होतं."

 आतून पान उलटल्याचा आवाज आला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं: मुलगी नेहमीच्या शाळेत जाण्यास योग्य, वागणूक काहीशी उद्धट.

विल्मॉटने पत्र दोनदा वाचलं. "आभाराचं पत्र लिहायला हवं."

"कशाबद्दल?" इर्मा म्हणाली. "तिचं वर्ष त्यांनी मणी ओवण्यात घालवलं, त्याबद्दल?"

तिने ते पत्र पुढच्या खोलीत, फळ्याच्या वरच्या कडेला टाचणीने लावलं. 'उद्धट' या शब्दाखाली तिने निळ्या पेन्सिलने रेघ ओढली. मग काचेचा मासा उचलून ती पहिल्या रांगेत बसलेल्या, अजून करड्या गाडीने जाणाऱ्या मुलीकडे वळली.

"मान वर कर, बाळा. हे काय?"