काकूंसाठी राखलेली शांतता

तुमचे नाव कोणी रोज पुकारत असेल, तुम्हाला ते स्वच्छ ऐकू येत असेल, उत्तर द्यायचे यंत्रही हाताशी असेल, आणि तरी तोंड मिटून बसावे लागत असेल, तर तुम्ही किती दिवस बसाल? आमच्या तारवाल्या काकू बसल्या. इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलमध्ये, मुलाच्या स्वयंपाकघरात, कुकरशेजारच्या स्टुलावर.

काकू म्हणजे माझ्या ऑफिसातल्या नचिकेतची आई. त्याच्या घरातली वरची छोटी खोली मी भाड्याने घेतली होती. काकूंचे माहेर नगरचे, पण संसार झाला राजस्थानात, फलोदीच्या पुढे, रस्ता संपून वाळू सुरू होते तिथल्या घरात. काका मिठागरात केमिस्ट, दिवसभर बाहेर. काकूंनी गच्चीवर प्रयोगशाळाच मांडली. दुर्बिणीची काच स्वतः घासली, उन्हाच्या पेटीत वरणभात शिजवला, परीक्षा देऊन, घरबसल्या दूरच्यांशी बोलायच्या हौशी रेडिओचा परवाना मिळवला. "वाळवंटात माणसं हवेतून बोलवावी लागतात," असे त्या सांगत. गच्चीवरच्या लांब तारेला त्यांनी टेस्टरमधला छोटा दिवा जोडला होता. वाळूचे वादळ जवळ आले की कोरड्या हवेतली वीज तारेत उतरे आणि दिवा लुकलुकू लागे. पापड उचलायचे का, हे विचारायला वस्तीवरच्या बायका काकूंकडे येत.

काका गेल्यावर नचिकेतने त्यांना इकडे आणले. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी मागच्या गार्डनमध्ये खोका, काच आणि फॉइलची पेटी करून तांदूळ ठेवले. संध्याकाळपर्यंत ते फक्त भिजले. "इथला सूर्य पार्ट-टाइम आहे रे," म्हणाल्या, आणि तेच तांदूळ कुकरला लावले.

रेडिओ मात्र त्यांनी सोडला नाही. नचिकेतचे घरही भाड्याचेच; त्यावर अँटेना लावायला एजंटची मनाई होती. काकूंनी कपडे वाळत घालायच्या पोकळ दोरीतून तांब्याची तार ओवली. ओले कपडे टाकले की आवाज बसतो, म्हणून रेडिओची वेळ झाली की आमचे अर्धवट वाळलेले शर्ट घरात येत.

"काकू, मला उद्या मीटिंग आहे."

"मग जा ओल्यानं. कोण हात लावून बघतंय?"

ही वेळ म्हणजे इथली दुपार आणि फलोदीची संध्याकाळ. तिकडचे निवृत्त पोस्टमास्तर व्यासजी रेडिओवरून सगळ्या मित्रांची हजेरी घेत. शेवटी काकूंना हाक मारत, "भाभीजी, आप हैं क्या?" आणि थांबत. नुसती खरखर. काकू निवडायला घेतलेली मेथी हातात तशीच धरून बसत. मग व्यासजी "अच्छा, कल" म्हणून बंद करत.

"एवढी शांतता माझ्यासाठी दुसरं कोण राखून ठेवतं, सांग," काकू एका शनिवारी म्हणाल्या.

भारतातला त्यांचा परवाना इथे चालत नव्हता. ऐकायला मोकळीक, बोलायला बंदी. फलोदीहून आणलेला ट्रान्समीटर शेजारीच होता. मी चिडलो. "दाबा ना बटण. कोणाला कळणार आहे?"

"मला," काकू म्हणाल्या. "व्यासजींना काय चोरून भेटायचं?"

इथला सुरुवातीचा परवाना एका शनिवार-रविवारच्या वर्गात मिळतो, असे मी शोधून काढले. गावातल्या हौशी मंडळींचा क्लब तो वर्ग घेई. काकूंनी नाव घातले. व्यासजींना उत्तरात पहिले वाक्य काय बोलायचे, ते त्या भाजी चिरता चिरता ठरवू लागल्या.

त्याच उन्हाळ्यात लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले. पुढच्या आठवड्यात नचिकेतला रीडिंग स्टेशनवर बाजूला घेतले, बॅग उपडी करायला लावली, लॅपटॉपच्या वायरी कशाच्या म्हणून विचारले. लोक बाजूने बघत जात होते. घरी आल्यावर तो बराच वेळ कोट न काढता बसला.

"आई, ती परीक्षा नको. घरात वायरी, बॅटऱ्या, तुझं सोल्डरिंग. कोणी पाहिलं तर?"

"परवाना काढतेय ना मी?"

"दार तोडून येणारे आधी परवाना मागत नाहीत. माझं परमनंट व्हिसाचं ॲप्लिकेशन अजून लटकलंय."

मी मध्ये पडलो. "पलीकडच्या गोऱ्या आजोबांच्या छपरावर अँटेनाचा केवढा खांब आहे, बघ."

"त्यांना कोण थांबवतंय स्टेशनवर? आणि तू भाडेकरू. काही झालंच तर निषेधाची पत्रकं वाटशील आणि दुसरी खोली बघशील."

काकूंनी मुलाच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिले. मग गार्डनमध्ये जाऊन एकेक चिमटा काढला आणि दोरी स्वतःच गुंडाळली. नचिकेतने कपडे वाळत घालायला छत्रीसारखा उघडणारा स्टँड आणला.

मला त्याचा राग आला होता, अजूनही थोडा आहे. पण त्याची बॅग उपडी करणाऱ्यांचा जास्त आहे. रस्त्यावरची भीती एका माणसाच्या मागोमाग घरात शिरली, आणि आम्ही तिघांनी तिला बसायला खुर्ची दिली. पोलीस आमच्या दारी कधीच आले नाहीत. यायची गरजच उरली नव्हती.

काकू वर्गाला गेल्या नाहीत; स्वयंपाकघरात हातभर वायर लावून ऐकत राहिल्या. आवाज तुटक येई. हिवाळ्यातल्या एका शनिवारी व्यासजींनी हजेरी घेतली, शेवटी काकूंना हाक न मारता, न थांबता सगळ्यांना नमस्कार केला आणि बंद केले.

"बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "किती दिवस थांबतील? त्यांना वाटलं असेल, मी गेले." त्यांनी रेडिओची पिन काढली आणि पोळ्या लाटायला घेतल्या. मी काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणाल्या, "तूप दे तिकडचं."

पुढे मला ब्रिस्टलला नोकरी लागली. नचिकेतचा शिक्का पासपोर्टवर पडला, घरही स्वतःचे झाले, पण तोपर्यंत काकूंनी विचारणे सोडले होते. आता त्या नाहीत.

तुमच्या घरी अशी कोणी असेल. ती दुर्बीण मागत असेल, बॅटऱ्या मागत असेल, छपरावर दोन हात जागा मागत असेल. "सध्या नको" म्हणू नका. येत्या शनिवारी तिला घेऊन क्लबात जा, तिचे नाव तिला स्वतःच्या हाताने घालू द्या. आणि शेजाऱ्याने तार कशाची म्हणून विचारले, तर पडदा ओढू नका. दारात उभे राहून त्याला सांगा.