पायरीवरचा पालथा ग्लास

‘‘वेटर असून च्या पिल्यावर ग्लास स्वतः इसळला बग ह्यानं. अन् पायरीवर पालथा घातला,’’ हवालदार शिपायाला हळूच म्हणाले. मी स्टेशन डायरी लिहीत होते. ऐकलं, पण मान वर केली नाही.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी तो ग्लास डोळ्यांपुढून हलत नाही. सत्तरच्या दशकात मी परतूर ठाण्यात प्रशिक्षणार्थी फौजदार होते, इंग्रजी शाळेत शिकलेली, हळू आवाजाची. रेल्वे स्टेशनजवळच्या हॉटेलातल्या वेटरला संशयावरून आणलं होतं. रविवारी तिथे उतरलेल्या कापूस व्यापाऱ्याचं घड्याळ नाहीसं झालं, आणि वेटर दिवसभर गायब होता. कुठे होतास, याला एकच उत्तर : ‘‘गावाकडं गेल्तो.’’ दोन थपडा खाऊनही तेच.

हवालदारांना बाजूला घेऊन ग्लासाबद्दल विचारलं.

‘‘हॉटेलात इसळणारा वेगळा असतो, बाई. मागच्या भिंतीला खिळ्यावर कपबशा टांगल्यात, त्या पाह्यल्या का? त्यात ज्यानं प्यायचं, त्यानंच इसळायचं. ही त्या हाताची सवय हाये. सेठला पत्ता न्हाई, न्हाईतर आत घेतला असता का ह्याला?’’

व्हरांड्यात नेऊन मी वेटरला पुन्हा विचारलं. आतून कुणी ऐकत नाही ना, ते पाहून तो म्हणाला,

‘‘आष्टीला बहिणीचं लगीन व्हतं. बौद्धवाड्यात. सेठला तीन सालापासून दुसरंच आडनाव सांगितलंय. त्याला कळलं तं काम बी गेलं अन् राहायची जागा बी. त्यापरीस चोरीचं लिहा, बाईसाहेब.’’

‘‘त्यांना कळणार नाही,’’ मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बसने आष्टीला जाऊन जबाब घेतले. लग्न लावणारे मास्तर म्हणाले, ‘‘सकाळपासून सांजपर्यंत पंगतीत तोच वाढत व्हता. त्याच्यासारखं वाढणारं कुनी न्हाई.’’

परतले तेव्हा ठाणेदार साहेबांसमोर हॉटेलमालक सेठ चहा पीत बसला होता. मी जबाबाचे कागद पुढे केले.

‘‘कागद नंतर. तोंडानं सांगा, बाई. इंग्रजी शाळेत तोंड शिवून पाठवतात का?’’

मालक हसला. शिपाईही हसले. महिनाभर ते हसणं मी खाली मान घालून ऐकत होते. त्या दिवशी मात्र ताठ उभी राहिले.

वेटर सुटला. तासाभराने त्याची वळकटी हॉटेलामागे, त्या टांगलेल्या कपबशांखाली पडलेली होती. ती उचलून तो ठाण्यावरूनच गेला. माझ्याकडे पाहिलं नाही. आठवड्याने घड्याळ व्यापाऱ्याच्याच ट्रंकेत सापडलं.

पुढे नोकरीभर एक नियम पाळला : जबाब सांगण्याआधी खोलीत कोण बसलंय ते पाहायचं. निर्दोष ठरवणारा जबाबसुद्धा माणसाचं सगळं काढून घेऊ शकतो, हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

ठाण्यात माझा आवाज पहिल्यांदाच इतका खणखणीत निघाला होता. मी म्हणाले होते,

‘‘साहेब, हा चोर नाही. रविवारी हा आष्टीच्या बौद्धवाड्यात होता, सख्ख्या बहिणीच्या लग्नात.’’