आखाड्यावरची पाटी

मी दहा दिवसांचं मौन धरलं आणि चौथ्या दिवशी आमच्या घराची वाटणी निघाली.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, असं मी शपथेवर सांगायला तयार होतो. पण शपथ घ्यायला तोंड उघडावं लागतं, आणि मी तर तेच बंद करून बसलो होतो!

थोडं मागून सांगतो. मी आमच्या घराण्यातला पहिला बी. ए. (पणजोबांपासून मोजलं तरी पहिलाच. त्यांच्या मागचं कुणाला ठाऊक नाही. पण असता तर गाजला असता.) हसनाबादजवळ आमचं गाव. मी दुसरीत असताना वडील गेले. थोरल्या भावानं, किसनदादानं, चौथीतून शाळा सोडली आणि औत धरलं. पुढं मी जालन्याला कॉलेजात गेलो, तर दादा रोज पहाटे फाट्यावर उभा राहून जालन्याच्या एसटीत माझा डबा द्यायचा. पाच वर्षं! पेरणी असो, लग्न असो, अंगात ताप असो. एकदा एसटी डोळ्यादेखत निघून गेली, तर ह्या माणसानं सायकल दामटून पुढच्या फाट्यावर तिला गाठलं. त्या दिवशी वरण पार सांडलं होतं आणि मी चिठ्ठी धाडली होती, ‘डबा नीट धरत जा.’ (बी. ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. अक्कल शेवटच्या वर्षाला शिकवतात अशी माझी समजूत होती.)

मंग मी जालन्यातच हायस्कुलात मास्तर झालो. दादा गावी शेती पाहायचा. घर एक, चूल एक, सातबारा एक.

आमच्या शाळेतले वाघमारे सर मला दोनदा दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला घेऊन गेले होते. बुद्धाच्या काळापासून चालत आलेली ध्यानाची रीत. शंभर माणसं एका छपराखाली, पण कुणी कुणाशी बोलायचं नाही. खुणा नाहीत, चिठ्ठी नाही, नजरेला नजरसुद्धा नाही. त्याला आर्य मौन म्हणतात. दोन्ही शिबिरं मी पार पाडली आणि मला वाटायला लागलं की आपण बरेच पोहोचलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी जाहीर केलं, “सर, यंदा दहा दिवस एकट्यानं बसणार. आमच्या शेतात.”

सर म्हणाले, “बसा की. पण घरच्यांना आधी नीट समजावून सांगा.”

“सर, समजावून सांगणं हा तर माझा धंदा आहे!”

गावी आल्यावर मी आई आणि वहिनीला ओसरीत बसवून पाऊण तास समजावून सांगितलं. आत्मनिरीक्षण, चित्तशुद्धी, समता... आई मान हलवत होती. (ती मी आठवीत असल्यापासून माझ्या प्रत्येक बोलण्याला तशीच मान हलवते.) दादा तेवढा नव्हता. तो बैलांना पाणी दाखवायला गेला होता. रात्री वहिनीनं त्याला दोन ओळींत सगळं सांगून टाकलं: “भाऊजी उद्यापासून आखाड्यावर राहणारेत. कुणाशी बोलायचं न्हाई म्हणतात.”

आखाडा म्हणजे शेतातलं आमचं पत्र्याचं छप्पर. अवजारं ठेवायला, पिकाच्या दिवसांत राखण करायला.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे. घरातला धाकटा भाऊ पेरणीच्या आधी, भर उन्हाळ्यात, वळकटी उचलून आखाड्यावर राहायला गेला आणि घरच्यांशी बोलेनासा झाला, की त्याचा अर्थ एकच निघतो: गड्याला वाटणी पाहिजे. थोरल्याच्या तोंडावर मागायची लाज वाटते, म्हणून हा मार्ग. गावातली तीन-चार घरं अशीच विभक्त झालेली. शहाणी माणसं त्याच्या तोंडून वदवून घेत नाहीत. सरळ दोरी घेऊन वावर मोजायला येतात. मला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं! पण माझ्या डोक्यात त्या वेळी आर्य मौन होतं. गावाला तिथं जागाच उरली नव्हती.

त्यात माझी बायको शोभा सुट्टीला माहेरी, वाटूरला गेलेली. लग्नाला एकच वर्ष झालेलं. म्हणजे बायको माहेरी, नवरा आखाड्यावर, तोंड बंद. एवढ्यावर भागेना म्हणून की काय, मी वर पाटी लावली!

पाटी चांगली फळीची, पांढऱ्या रंगाची. तिच्यावर मी स्वतः सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘आर्य मौन चालू आहे. कृपया संवाद साधू नये.’ एवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. पण फळीवर खाली जागा उरली होती. म्हणून त्याच्या दुप्पट मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘अंबादास, बी. ए.’

सामाईक वावरात एका भावाच्या नावाची पाटी! अख्ख्या शिवाराला ती बांधावरून दिसत होती.

पहिल्या दिवशी दुपारी दादा डबा घेऊन आला. मी आत डोळे मिटून श्वास पाहात होतो. पाटीपुढं त्याची पावलं थांबली. दादा अक्षराला अक्षर लावून वाचतो. वरच्या दोन ओळींतले जोडशब्द त्यानं सोडूनच दिले. “अं... बा... दा... स.” डबा टेकवल्याचा आवाज आला आणि पावलं परत गेली. मला वाटलं, वा! किती समजूतदार भाऊ!

संध्याकाळी पुन्हा डबा आला. आता शिबिर केलेल्या जुन्या साधकानं दुपारनंतर जेवायचं नसतं, फक्त लिंबूपाणी चालतं. मी डबा न उघडता बाहेर ठेवून दिला. तो तसाच्या तसा घरी गेला आणि घरात बातमी फुटली की मास्तरनं अन्न सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आई आली. माझ्यासमोर बसून तिनं पदर डोळ्याला लावला.

“लेकरा, भाजीत मीठ कमी पडलं का?”

मी श्वास पाहात होतो.

“थोरलीनं काही म्हटलं का तुला?”

बाहेरून लगेच वहिनीचा आवाज आला, “मी कशाला म्हणू आत्याबाई! भाऊजी, मागल्या दिवाळीला तुमच्या पांढऱ्या शर्टाला हळद लागली ती माझ्याच हातानं लागली, मान्य हाय मला. पण येवढ्यावरून घर मोडता का हो?”

श्वास आत येत होता, बाहेर जात होता, आणि मधेच बसून आई रडत होती. मला काही उलगडेना. शर्टाचं मला तेव्हा पहिल्यांदा कळलं! मी धोब्याला बोललो होतो.

तिसऱ्या दिवशी वाटूरहून सासरे उतरले. गावात तेव्हा फोन एकच, आमच्या चुलत चुलत्यांच्या, तात्यांच्या ओसरीवर. तात्या म्हणजे गावचे पंच. निम्म्या गावच्या वाटण्या त्यांच्या दोरीनं झालेल्या. त्यांनी आपल्या खर्चानं वाटूरला फोन लावला होता.

सासरे माझ्यापुढं मांडी घालून बसले. “जावईबापू, वाटणीचं आमच्या शोभीनं तर न्हाई ना भरवलं तुमच्या डोक्यात? तिची जबान मला ठाऊक हाये.”

वाटणी! माझे डोळे उघडता उघडता राहिले. तीन दिवसांत पहिल्यांदा मला सगळा उलगडा झाला: पाटी, डबा, हळद, सगळं.

आता कुठल्याही शहाण्या माणसानं तिथल्या तिथं तोंड उघडलं असतं. पण मी शिकलेला पडलो. मी विचार केला, अजून सात दिवस राहिलेत. स्टाफरूममध्ये आपण काय काय सांगून आलोय. आणि शिबिरात शिकवलंच आहे की जे उठतं ते जातं, सगळं अनित्य आहे. हा गैरसमजही अनित्य आहे. जाईल.

गैरसमज गेला नाही. सासरेही गेले नाहीत, मुक्कामाला राहिले.

“काहीच बोलत न्हाईत,” बाहेर ते तात्यांना सांगत होते. “म्हंजे बिलकुल पक्कं हाये.”

चौथा दिवस उजाडला. त्या दिवसापासून अधिष्ठान सुरू होतं. म्हणजे एक तास हात हलवायचा नाही, मांडी मोडायची नाही, डोळे उघडायचे नाहीत. मी बसलो. दहा मिनिटांत एक मुंगळा पायाच्या अंगठ्यावर चढला. (मारायचा नाही. तोही नियम.) मुंगळा पोटरीपर्यंत पोचला आणि बाहेर माणसांचा आवाज आला.

“जल्दी दोरी धरा. ऊन व्हायच्या आत उरकू.” हे तात्या. “बोल किसना, कसं करायचं? मधोमध?”

“मधोमध कशाला?” दादाचा आवाज. “इहिरीकडचं वावर त्याला लावा.”

“येडा झाला का? मंग तुला नुसता मुरूम उरला! आंब्याचं झाड बी तिकडंच हाय.”

“आसू द्या. नोकरी करून शेती करायची त्यानं. पाण्याबिगर कशी जमंल त्याला? मी जमवतो मुरमात.”

मुंगळा गुडघ्याशी आला होता. मला त्याचं काही वाटेना.

“आन तात्या, आणखी एक ल्याहा,” दादा म्हणाला. “वाटणी झाली तरी हितं हाये तोवर डबा माझ्याच घरून यील. बोलत नसला तरी दुपारचा खातो तो. चाटून खातो.”

तिथं माझं अधिष्ठान, आर्य मौन, समता, सगळं एकदम गेलं. मी ओरडलो, “नको!”

चार दिवस बंद असलेल्या गळ्यातून तो आवाज असा निघाला की बाहेर बांधलेली शेळी उठून उभी राहिली.

तात्या हळूच म्हणाले, “इहिरीचं बी नको म्हणतो! मंग काय राहतं घर पाहिजे का?”

“घर बी देऊन टाका,” दादा म्हणाला.

“अरे वाटणी नको! काहीच नको! मी ध्यान करून राह्यलो!” (पाच वर्षं कॉलेजात कमावलेली भाषा ऐन वेळी एक शब्द कामाला आली नाही. आतून निघाली ती गावचीच.)

मी उठून बाहेर धावायला गेलो. पण दोन्ही पाय मांडीखाली झोपलेले! दारातून जो सुटलो तो थेट दादाच्या पायावर जाऊन आडवा झालो.

“पाया पडतो जणू,” सासरे गहिवरून म्हणाले.

“पाया नाही पडलो, पाय झोपलेत माझे!” मी जमिनीवरून ओरडलो.

ओरडलो खरा. पण पडलो ते बराबर जागी पडलो. बी. ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी पेढे घेऊन आलो होतो, सगळ्या गल्लीत वाटले होते, आणि ह्या पायांवर पडायचं राहून गेलं होतं. त्यांच्यावर चिरा होत्या, मुरमाची धूळ होती. मी लवकर उठलो नाही. पाय झोपलेत ही सबब चांगली होती.

दादानंच मला बखोटीला धरून बसवलं. “येवढंच होतं तर मला का न्हाई सांगितलं रं?”

“तू बैलांना पाणी दाखवायला गेल्ता!”

“मी परत आल्तो की!”



तात्या दोरी गुंडाळायला लागले. त्यांचा थोडा हिरमोड झाला होता; एवढी सोपी वाटणी त्यांना पुन्हा मिळणार नव्हती. वहिनी डबा घेऊन आली होती, तिनं सगळं ऐकून पहिला प्रश्न विचारला, “मंग हळदीचा राग न्हाई ना भाऊजी?”

मी वळकटी बांधायला घेतली. मौन मोडलं होतं, शिबिर संपलं होतं. दादानं ती माझ्या हातातून काढून घेतली.

“किती दिवस राह्यले तुझे?”

“सहा. पण आता ते मोडलं दादा...”

“मोडलं तर सांधायचं. बस सहा दिवस. कोण येतं ते मी बघतो.”

आणि तो खरंच बसला! समोरच्या लिंबाखाली, रोज सकाळपासून. कुणी बांधावर दिसलं की नुसता हात वर करायचा. माणूस वळसा घालून जायचा. मी मात्र दर दहा मिनिटांनी मांडी बदलायचो, कूस बदलायचो, एक डोळा किलकिला करून बाहेर पाहायचो. दादा जसाच्या तसा! पाठ ताठ, नजर खाली, तास तास हलायचा नाही. माशी बसली तरी हाकलायचा नाही.

दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर मी विचारलं, “दादा, एवढा वेळ तू काय करत होतास रे?”

“काय करणार? बसलो होतो.”

“पण कंटाळा नाही आला? बोलावंसं नाही वाटलं?”

“औतामागं कुणाशी बोलतो माणूस?” तो म्हणाला. “बैल चालतात, आपण चालायचं. तुझा श्वास का काय, तो बी दिसतो तिथं. त्याला येवढं दहा दिवस घेऊन बसायचं असतं हे नव्हतं मला ठाऊक.”

सुट्टीनंतर वाघमारे सरांनी विचारलं, “काय मास्तर, शिबिर झालं का पूर्ण?”

“झालं सर. भावाचं झालं.”

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. घर अजून एक आहे, चूल एक आहे, सातबाराही एकच आहे. आखाड्यावरची ती पाटी वहिनीनं त्याच आठवड्यात उचलून घरी आणली. आमच्या रांजणाच्या तोंडावर ती अगदी मापात बसते. पाहुणा पाणी घ्यायला वाकला की आधी ‘अंबादास, बी. ए.’ वाचतो, मंग बाजूला सारतो. आणि दादा ओसरीवरून प्रत्येकाला मोठ्या अभिमानानं सांगतो, “आमच्या मास्तरच्या हातची हाये. लई शिकलेला हाये तो. ती ठेवल्यापासून पाण्यात कचरा म्हणून पडत न्हाई!”