मोटरीचं नाक

माझी अंबूमामी प्रश्न विचारायची. कुंभाराच्या भट्टीतली वरची मडकी आधी भाजतात की खालची, पोस्टमनची सायकल उभी असताना पडते आणि चालताना का पडत नाही, असं काहीही. कवठे महांकाळात लोक तिला हसत. मला त्या लोकांचा आजही राग येतो. त्यांनी जन्मात कुणाला काही विचारलं नाही, म्हणून त्यांना काही कळलंही नाही.

एक प्रश्न मात्र तिच्या ओठांवर येऊन परत फिरायचा. तिचा नवरा, कृष्णातमामा, दुसऱ्या महायुद्धाची सगळी वर्षं पलटणीत होता. तो परत आला, पण आता पुन्हा जाणार तर नाही ना, हे त्याला विचारायची तिची छाती होत नव्हती.

पलटणीत मामा गाडी चालवायला शिकला होता. त्या जोरावर तो आप्पासो नावाच्या मालकाच्या मिरजेला उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटरीवर डायव्हर म्हणून लागला. मोटर लष्कराच्या लिलावातली, जुनी. हवा गाळायची तिची जाळी कधीच गळून पडलेली, आणि नवी कुठं मिळत नव्हती. रस्त्यावर घोट्याएवढा फुफाटा. तो सगळा इंजिनात जायचा. एका उन्हाळ्यात दोनदा इंजिन खोलावं लागलं, तेव्हा आप्पासो म्हणाला, "पुन्यांदा खोलाय लागलं तर दुसरा डायव्हर बघतो, गड्या."

मामानं घरी येऊन ते सांगितलं आणि पुढं म्हणाला, "न्हाई जमलं तर ममईला जातो. गिरणीत."

मामीचा घास हातातच राहिला. तिनं विचारलं मात्र भलतंच.

"आवं, मोटरीला वारा लागतो व्हय?"

"लागतो की. नुसतं पेट्रोल कसं जळंल?"

"मग तिचं नाक कुठं हाय?"

दुसऱ्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन ती स्टँडवर गेली आणि उघड्या बॉनेटमध्ये डोकावली. बघायला सगळा स्टँड गोळा झाला. मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामीला त्याचं काही नव्हतं. मळणीच्या वेळी आपण नाकाला पदर लावतो, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. तिनं जुन्या लुगड्याचा तुकडा मोटरीच्या नाकाला बांधायला लावला.

पहिल्याच चढावर मोटर धापा टाकायला लागली. फडकं धुळीनं गच्च झालं होतं, वारा आत जाईना. पातळ फडकं बांधलं, तर वाऱ्याबरोबर धूळही आत. "डायव्हरच्या बायकोनं मोटरीला लुगडं नेसवलं," म्हणून लोकांनी आठवडाभर करमणूक करून घेतली.

एका संध्याकाळी मामी शेतातून येऊन केस विंचरायला बसली. केस सकाळीच तेल लावलेले, फणी मातीनं भरून आली. फणीकडं बघता बघता तिची नजर न्हाणीकडं गेली. तिथं अंग घासायची घोसाळ्याची वाळकी जाळी टांगलेली होती. ती केस मोकळे टाकून मामाकडं धावली.

"आवं, केसातनं वारा जातो, पर धूळ तेलाला चिकटून ऱ्हाती! ही जाळी तेलात बुडवा की."

मामानं जाळी काढून उलटसुलट करून बघितली. मग त्यानं ती इंजिनाच्या तेलात बुडवून पिळली आणि पत्र्याच्या डब्यात बसवून तो डबा मोटरीच्या नाकाला लावला. मिरजेहून आल्यावर त्यानं डबा उघडला. जाळी पुढून चिखलानं काळी झाली होती. मागं, इंजिनाच्या बाजूला, त्यानं बोट फिरवलं आणि मामीपुढं धरलं. बोटाला धुळीचा कण नव्हता.

पण पावसाळ्यात वाटेतला ओढा भरू लागला. मोटरीचं नाक खाली, चाकाशेजारी. तिथून पाणी आत शिरलं की इंजिन संपलंच.

"म्हस पाण्यातनं जाताना काय करती?" मामीनं विचारलं.

या वेळी मामाला लगेच उमगलं. त्यानं पत्र्याची नळी करून नाक पार टपापर्यंत वर नेलं, आणि पाऊस आत पडू नये म्हणून तिचं तोंड खाली वळवलं.

ओढ्याला मांडीएवढं पाणी होतं त्या दिवशी नेमका आप्पासो मोटरीत होता. मामी छातीवर हात ठेवून काठावर उभी. मोटर हळूहळू पाण्यात उतरली, मधोमध गुरगुरली आणि पलीकडं चढली. आप्पासो खाली उतरून त्या नळीकडं बघत राहिला.

"कृष्णात, दसऱ्याला दुसरी मोटर घेतोय. तिलाबी असलंच नाक बसीव."

रात्री मामा जेवायला बसला, तेव्हा मामीनं एकदाचं विचारलं. "आवं, आता तुमी जाणार न्हाई न्हवं?" आणि तिला रडूच फुटलं.

मामा उठला. डब्यातली जाळी काढून त्यानं तिच्या हातात दिली.

"ही रॉकेलात धुऊन ठिव. आन परड्यात घोसाळ्याचं येल लाव. एवढ्या एका जाळीवर किती वर्सं निघत्याल?"

मामीनं पदरानं डोळे पुसले.

"किती येल लावू?"