मामाजींसाठी सबवूफर

लग्न होऊन मी अर्जुनी मोरगावला आले, त्याला चौदा वर्षं झाली. त्यातली तेरा वर्षं माझं आणि माझ्या सासऱ्यांचं बोलणं चहा, जेवण आणि गोळ्या यांच्या पुढे गेलं नव्हतं. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवऱ्याची नोकरी रायपूरला, तो शनिवारी यायचा आणि सोमवारी जायचा. मी जवळच्या गावातल्या शाळेत शिकवते. आठवडाभर घरात आम्ही दोघंच. मामाजी पडवीत, मी आत. त्यांच्यासमोर मी डोक्यावर पदर घ्यायचे आणि ते माझ्याशी बोलताना रस्त्याकडे बघायचे. भांडण कधीच नव्हतं. ओळखही नव्हती.

पहिल्या पगारातून मी एक स्टिरिओ घेतला होता. एक अँप्लिफायर आणि वीतभर उंचीचे दोन स्पीकर. लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर तोही सासरी आला, तेव्हा बायका हसल्या होत्या. शाळेतून आल्यावर अर्धा-पाऊण तास गाणी ऐकायची, ही माझी एकच चैन. गाणी सुरू झाली की मामाजी पडवीतली खुर्ची थोडी लांब सरकवायचे. मला वाटायचं, त्यांना त्रास होतो. मी आवाज कमी करायचे.

मागच्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांकडून दंडार बसवून घ्यायची होती. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतला नाचगाण्याचा खेळ. एका सहकाऱ्यानं त्याचं रेकॉर्डिंग मोबाईलवर पाठवलं होतं. मामाजी तरुणपणी दंडारीत ढोलकी वाजवायचे, हे मला नवऱ्याकडून माहीत होतं. म्हणून त्या संध्याकाळी मी दार उघडं ठेवलं आणि आवाजही थोडा मोठा केला.

दोनेक गाणी झाली असतील. मामाजी उंबरठ्यावर येऊन उभे राहिले.

"हा ढोलकीवाला एकाच हातानं वाजवून रायला का?" त्यांनी विचारलं.

मला कळलं नाही. ते आत आले, पलंगाच्या कडेला टेकले आणि मांडीवर दोन्ही हातांनी ठेका धरला. मग डावा हात उचलून माझ्यासमोर धरला.

"उजवा आयकू येते. हा कुठी गेला? ढोलकीचा जीव डाव्या हातात रायते, बाई."

ते शहात्तर वर्षांचे. मला वाटलं, कानाचा दोष असेल. ते बाहेर गेल्यावर मी तेच गाणं हेडफोन लावून ऐकलं. डावा हात तिथे होता. भरदार, घुमणारा, मध्येच ओला झाल्यासारखा वर सरकणारा. माझ्या छोट्या स्पीकरना तो काढताच येत नव्हता आणि इतक्या वर्षांत मला ते कळलं नव्हतं. मामाजींचे कान शाबूत होते.

खर्जाचा आवाज काढायला सबवूफर नावाचा वेगळा डबा लागतो, एवढं मला ऐकून माहीत होतं. चार दिवस मोबाईलवर वाचत बसले. आठ इंची, दहा इंची, बारा इंची, इतके वॉट, तितके वॉट. प्रत्येकाच्या खाली एक जण म्हणायचा फार छान आणि दुसरा म्हणायचा घेऊ नका. शेवटी एका सुटीच्या दिवशी सकाळच्या गाडीनं गोंदियाला गेले.

पहिलं दुकान मोठं होतं. तिथल्या माणसानं निळे-लाल दिवे लुकलुकणारा बारा इंची डबा लावला. दुकानाची काच थरथरली, माझ्या पोटात धडधडलं. "मैडम, पूरा मोहल्ला सुनेगा," तो म्हणाला. मी माझ्या मोबाईलवरची दंडार लावायला सांगितली. ढोलकीवाला काहीही वाजवो, डब्यातून एकच आवाज यायचा, धूम, धूम, धूम. भाव माझ्या आवाक्यात होता आणि मी जवळजवळ घेतलाच होता. पण मामाजी उंबरठ्यावर उभे राहून काय म्हणतील, ते मला आधीच ऐकू आलं. विचार करून येते म्हणाले आणि बाहेर पडले.

दुसरं दुकान गल्लीत होतं. अर्धं दुकान, अर्धं दुरुस्तीचं टेबल. चष्मा कपाळावर चढवलेले एक गृहस्थ जुना अँप्लिफायर उघडून बसले होते. मी सबवूफर म्हणताच त्यांनी मला स्टूल दिलं आणि काहीच दाखवलं नाही.

"सुनना क्या है आपको?"

"ढोलकी," मी म्हणाले. "माझे सासरे वाजवायचे. त्यांना डावा हात ऐकू येत नाही."

त्यांनी हातातला सोल्डरिंगचा दांडा खाली ठेवला. मग खोली केवढी, वर स्लॅब की टिन, खाली फरशी की माती, मामाजी कुठं बसतात, असे प्रश्न विचारले. अँप्लिफायरच्या मागच्या बाजूचा फोटो मागितला. नशिबानं मोबाईलमध्ये होता. तो मोठा करून बघत ते म्हणाले, "इसमें सबवूफर का अलग पॉइंट नहीं है. ज्यात स्पीकरची तार सरळ लागते, असाच डबा तुम्हाला घ्यावा लागेल. दुसरा घ्याल तर घरी जाऊन पस्तावाल."

ते आठ इंचीचा एक साधा काळा डबा घेऊन आले. दिवे नाहीत, भोक नाही, चारही बाजूंनी बंद. मला तो फारच लहान वाटला. मी मोठ्याबद्दल विचारलं.

"बड़ा वाला मत लो, मैडम. मोठाही आहे माझ्याजवळ, विकून मला जास्त मिळेल. पण या किमतीत मोठा डबा नुसता गुरगुरतो. ढोलकीला गुरगुर नको, सूर पाहिजे."

त्यांनी माझी दंडार लावली. डावा हात घुमला, सरकला, थांबला. जिथं थांबायला हवा, तिथंच थांबला. माझ्या अंगावर काटा आला. मी तो डबा घेतला.

बांधून देताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "डबा कुठं ठेवायचा हे डोळ्यांनी ठरवू नका. आधी तो सासऱ्यांच्या जागेवर ठेवा आणि वाजवा. मग तुम्ही जमिनीवर रांगत सगळ्या खोलीत फिरा. जिथं ढोलकी बरोबर ऐकू येईल, तिथं डबा ठेवा."

"रांगत?"

"रांगत. डबा जमिनीवर राहणार, म्हणून कानही जमिनीजवळ पाहिजेत."

परतीच्या गाडीत खोकं पायांमध्ये धरून बसले. घरी पोहोचले तेव्हा मामाजी पडवीत होते.

"एवढं मोठं काय आनलं?"

"डावा हात," मी म्हणाले. पाठोपाठ जीभ चावली. मामाजींशी मी अशी कधी बोलले नव्हते.

ते मागोमाग आत आले.

मी तारा जोडल्या आणि आधी डबा दिसायला बरा म्हणून कोपऱ्यात ठेवला. फळीवरची स्टीलची भांडी खणखणली आणि ढोलकी पिंपात पडल्यासारखी वाजली. मामाजींनी तोंड वाकडं केलं. तेव्हा मी दुकानदारांनी सांगितलेली गोष्ट त्यांना सांगितली. रांगायचं आहे, हे सांगताना माझा आवाज अगदी बारीक झाला. सासऱ्यांसमोर सून रांगतेय, हे दृश्य माझ्याच्यानं डोळ्यांसमोर आणवेना.

मामाजींनी डबा पलंगावर, त्यांच्या बसायच्या जागेवर ठेवायला लावला. "तुले काय आयकू येनार हाय? सरक," म्हणाले, धोतर खोचलं आणि गुडघ्यांवर बसले. दुखरे गुडघे घेऊन ते भिंतीच्या कडेनं रांगू लागले. मी दोन मिनिटं उभीच होते. मग पदर कमरेला खोचला आणि दुसऱ्या बाजूनं मीही रांगू लागले. डोक्यावरचा पदर केव्हा खाली आला, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

दाराजवळ आवाज पातळ होता. कपाटाजवळ जड. तांदळाच्या कोठीजवळ आम्ही दोघं समोरासमोर आलो आणि मामाजी थांबले. मान तिरकी करून त्यांनी ऐकलं.

"येथीसा," ते म्हणाले. इथेच.

डबा कोठीजवळ आला. ते पलंगावर जाऊन बसले आणि मला मागची दोन बटणं फिरवायला लावली. एक आवाजाचं. दुसरं, किती वरपर्यंतचा सूर या डब्यानं घ्यायचा, त्याचं. "आनखी. जास्त झालं. मांगं ये." माझी बोटं अवघडली. मग त्यांनी हात वर केला.

"मंगाशी दोन मान्सं वाजवून रायले होते. एक इकडे, एक तिकडे. आता एकच हाय."

गाणं संपेपर्यंत आम्ही तसेच बसलो. ते पलंगावर, मी खाली, कोठीला टेकून. मग मी विचारलं, "मामाजी, आधीच का नाही सांगितलं, की काही कमी आहे म्हणून?"

"कायले सांगू? तुया कमाईची वस्तू. तू आवडीनं आयकत रायतेस. त्यात खोट काऊन काढू?"

"पण तुम्ही तर खुर्ची लांब न्यायचात. मला वाटायचं, तुम्हाला गाणी आवडत नाहीत."

ते पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले. "त्या खिडकीतून चांगलं आयकू येते, म्हनून तिच्याजवळ नेत होतो."

तेरा वर्षं ते माझी गाणी खिडकीतून ऐकत होते आणि मी आवाज कमी करत होते. रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं.

त्या दिवसापासून संध्याकाळचा अर्धा तास आमचा दोघांचा झाला. त्यांनी मला दंडारीतले ठेके शिकवले. स्नेहसंमेलनात मुलांना ताल त्यांनीच दिला, मागून आणलेल्या ढोलकीवर. हात थोडे अडखळले, पण मुलांना ते कळलं नाही. शनिवारी नवरा आला की आम्हाला बोलताना बघून आधी दारातच थांबायचा. आता त्यालाही सवय झाली आहे.

नवा तांदूळ निघाला तेव्हा मामाजी म्हणाले, "त्या दुकानवाल्याले पायली दोन पायली देऊन येऊ." आम्ही दोघं गाडीनं गोंदियाला गेलो. दुकानदारांनी पिशवी घ्यायला बरेच आढेवेढे घेतले, मग चहा मागवला. मामाजी झाडीबोलीत, ते हिंदीत, अशी दोघांची तासभर ढोलकी चालली. निघताना मी त्यांचे आभार मानले. ते म्हणाले, "मैंने तो डिब्बा बेचा है, मैडम." आभारापलीकडे मला काही नीट बोलता आलं नाही. जे बोलायचं राहिलं, ते इथं लिहून ठेवते.

परवा संध्याकाळी मी नेहमीसारखी दंडार लावायला गेले, तर मामाजींनी थांबवलं.

"माही भरपूर आयकली. तुले कोनती आवडते, ते लाव. आन् काऊन आवडते, ते सांग."

काय आवडतं आणि का, हे या घरात मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी विचार करत बसले, आणि ते घाई न करता माझ्या उत्तराची वाट बघत राहिले.