न शिकवलेला शब्द

उज्जैनला राहतो म्हटलं की लोक आधी तांत्रिकांचे किस्से विचारतात. मी चेष्टेवारी नेतो. पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो मी... तार जोडल्याशिवाय दिवा लागत नाही, एवढीच माझी श्रद्धा. होती.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, जुन्या पद्धतीचे कॉम्प्युटर घरी बनवायचा नाद. फ्रीगंजातल्या आमच्या घरी जेवणाचं अर्धं टेबल त्याच्या तारांनी अडवलेलं असे. शेवटच्या मशीनवर त्याला फोर्थ ही जुनी भाषा बसवायची होती. तिची गंमत अशी, की सुरुवातीला मशीनला काहीच येत नाही. मोजके शब्द आपण हाताने भरायचे, मग त्यांच्यातून पुढचे शब्द शिकवायचे. शब्द ओळखीचा असेल तर मशीन ‘ओके’ म्हणतं, नसेल तर नुसतं प्रश्नचिन्ह.

मशीन थांबवायच्या शब्दाचं नाव दादाने आधीच ठरवलं होतं — ‘येतो’. आमच्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हटलेलं चालत नाही. दादा ‘येतो’ म्हणायचा आणि वहिनी आतून ‘या’ म्हणायची. मग मशीनने तरी वेगळं का बोलावं, असं त्याचं म्हणणं.

एका सकाळी ऑफिसमधून फोन आला म्हणून दादा चप्पल धड न घालताच पळाला. ऑफिसातच हार्ट अटॅक, जागीच गेला. राम घाटावरचं क्रियाकर्म सगळं उरकलं, तरी वहिनीचं एकच — "निघताना बोलले नाहीत हो, भाऊजी." जेवताना मध्येच, कपडे वाळत घालताना मध्येच... ऐकवत नसे मला.

मशीन पूर्ण करा, असं तिनेच सांगितलं. दादाचा बोर्ड व्होल्टेज वाढून केव्हाच जळला होता. मी सगळ्या चिप्स नव्या आणल्या, सुरुवातीचे शब्द स्वतः लिहिले, स्वतः भरले. बेरीज, वजाबाकी, अक्षर छापणं, बस. ‘येतो’ मुद्दाम ठेवून दिला होता. तो वहिनीसमोर शिकवायचा होता.

भर दुपार. खाली टावर चौकाकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न. मी पाचात तीन मिळवून दाखवले. आठ आले, खाली ओके. वहिनी कितीतरी दिवसांनी हसली.

"आता त्यांचावाला शब्द दाखवा ना, एक बार."

"तो अजून शिकवलेला नाही. बघ, प्रश्नचिन्ह येईल," म्हणत मी इंग्रजी अक्षरांत ‘येतो’ टाइप केलं.

ओके.

आणि मशीन थांबलं... बोर्डवरचा दिवा विझला.

मी तारा चाचपायला लागलो. वहिनी मात्र पदर सावरून, अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "या."

नंतर मी चिपमधलं अक्षर न् अक्षर वाचून काढलं. तो शब्द कुठेच नाही. मशीन बिघडलं म्हणावं, तर बिघडलेलं मशीन आधी ओके कशाला म्हणेल? कॉलेजातल्या सहकाऱ्याला दाखवलं, तोही डोकं खाजवत गेला.

वहिनी आता नीट जेवते. निघताना बोलले नाहीत, हे त्यानंतर एकदाही तिच्या तोंडून आलेलं नाही. पुन्हा चालू करून दाखवा म्हणाली, तर मी चिप खराब झाल्याचं सांगतो. साफ खोटं आहे ते. खरं तर मी तो शब्द पुन्हा टाइप करून बघितलेलाच नाही.

भुताची भीती नाही वाटत मला... या खेपेला प्रश्नचिन्ह आलं तर वहिनीला काय सांगू, याची वाटते.